मोठाईची सुट्टी

मोठाईला भांडायचं असलं की ती आधी चपला घालायची. इतर बायका पदर खोचतात, आवाज चढवतात आणि घरातूनच सुरुवात करतात. मोठाई तोंडातून अक्षर न काढता उंबऱ्यापाशी जायची, चपला पायात सरकवायची आणि ज्याच्याशी भांडायचं त्याच्या दारात जाऊन उभी राहायची. "आपल्या घरात बसून शिव्या देल्ल्या तं त्या आपल्याच भिताडाले लागतात," असं तिचं म्हणणं. त्यामुळे ती नुसती चपला शोधायला लागली तरी घरातल्या सगळ्यांना आपापली कामं आठवायची. माझे वडील, म्हणजे तिचे धाकटे दीर, चांगले आडव्या अंगाचे गडी. पण तेही मुकाट्याने म्हशीला चारा टाकायला निघून जायचे.

मोठाई माझी थोरली काकू. आमच्याकडे थोरल्या काकूला मोठाईच म्हणतात. देऊळघाटला आमची विहिरीवरची थोडी बागायत आहे. वांगी, मेथी, पालक, सांबार; सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर. पिकवायचे काका आणि विकायची मोठाई. ती बुलढाण्याच्या बाजारात बसायची. उंच, सरळ बाई. डोक्यावर वांग्यांची पाटी घेऊन बांधावरून यायची तेव्हा पाटीला हात लावायची नाही. दोन्ही हात मोकळे सोडून, समोर बघत, रस्ता आपलाच असल्यासारखी चालायची.

बाजारात तिची एक सवय होती. नवं गिऱ्हाईक आलं की ती आधी रिकामा काटा उचलून त्याच्या नाकासमोर धरायची. "दोन्ही पारडे पाहून घे बाप्पा. मंग वांगे पाह्य." गिऱ्हाईक गडबडीत असायचं, त्याला कुठलं पारडं बघायचंय, पण मोठाई ऐकायची नाही. त्यानं बघून मान हलवल्यावरच ती वांग्याला हात लावायची. एकदा शेजारच्या बाईनं पारड्याखाली चिंच चिकटवलेली हिनं पाहिली, आणि मग त्या दिवशी अर्ध्या बाजारानं भाजी घ्यायची सोडून यांचं भांडण पाहिलं.

एवढी ही बाई, पण दवाखान्यात गेली की तोंडाला कुलूप. डोक्यावरून पदर, मांडीवर हात, आणि डॉक्टर जे म्हणतील त्याला "हाव", म्हणजे हो. व्यापाऱ्याच्या बापाला न भिणारी मोठाई, तिशीच्या पोराच्या गळ्यात नळी दिसली की गरीब गाय व्हायची. बाहेर आल्यावर मलाच विचारायची, "काय म्हणले वो ते?" मी चिडायचे. आत काऊन नाही विचारलंस म्हटलं की ती म्हणायची, "देवाले अन् डाक्टरले उलटं विचारू नाही, अलके. दोघंबी नाराज झाले तं आपलंच वाटोळं." तिच्या सगळ्या बोलण्यांपैकी हे एकच मला कधी पटलं नाही. आज ते आठवलं तरी माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

तिच्या हाडांचं प्रकरण मनगटापासून सुरू झालं. ओल्या ओट्यावर पाय घसरला, हात टेकला, एवढंच. तेवढ्यानं मनगट मोडलं. बुलढाण्याच्या हाडांच्या डॉक्टरांनी प्लास्टर घातलं, तपासण्या केल्या आणि हाडं ठिसूळ झाल्याचं सांगितलं. आठवड्याला एक गोळी दिली. सकाळी उपाशीपोटी घ्यायची, वर पेलाभर पाणी, आणि नंतर अर्धा तास ना आडवं व्हायचं ना काही खायचं-प्यायचं. मोठाईला बाकी सगळं मंजूर होतं. "अर्धा घंटा चहा नाही? मंग हाड वाचवून कराचं काय?" असं म्हणत तिनं ती गोळी घेतली. पण गोळीनं छातीत अशी जळजळ व्हायला लागली की तिला भाकर जाईना. मग डॉक्टरांनी गोळी बंद केली आणि दर सहा महिन्यांनी एक इंजेक्शन सुरू केलं.

मोठाई त्याला सुई म्हणायची. एक सुई दिवाळीची आणि एक आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, अशी तिनं सणांना गाठ मारून ठेवली होती. डॉक्टर प्रत्येक वेळी म्हणायचे, "वेळ चुकवू नका." ही म्हणायची, "हाव." वेळ चुकली तर काय होतं, हे त्यांनी सांगितलं नाही आणि हिनं विचारलं नाही. पण कामात पक्की. काही वर्षं एक सुई चुकली नाही. मोठाई पुन्हा बाजारात बसायला लागली, पाटी तेवढी तिचा मुलगा, माझा चुलतभाऊ गजाननदादा, गाडीतून न्यायचा.

मग दाढ किडली. गाल सुजला, रात्रंदिवस ठणका. त्यातच दादाच्या मोबाइलवर कुणीतरी एक व्हिडिओ पाठवला. हाडांच्या इंजेक्शनानं जबडा सडतो म्हणे, आणि खाली एका माणसाचा सडलेल्या जबड्याचा फोटो. कुणाचा फोटो, कुठला, कशानं सडला, देव जाणे. दादा आईवेडा. त्याची झोप उडाली. तो आईला घेऊन दाताच्या डॉक्टरांकडे गेला आणि आधी तो फोटोच त्यांना दाखवला.

दाताचे डॉक्टर जे बोलले ते दादानं मला नंतर इतक्या वेळा सांगितलंय की मला पाठ आहे. ते म्हणाले, "असं सगळ्यांना होत नाही, फार क्वचित होतं. पण या इंजेक्शनवर असताना दाढ काढायची तर काळजी घेतलेली बरी. पुढच्या इंजेक्शनला तोवर सुट्टी देऊ. जखम भरली की हाडांच्या डॉक्टरांना विचारून घ्या."

आता आमच्या भागात सुट्टी या शब्दाचा अर्थ सांगायला हवा. शाळेची सुट्टी संपली की पोरं परत शाळेत जातात. दवाखान्याची सुट्टी तशी नसते. दवाखान्यातून सुट्टी झाली म्हणजे माणूस बरा झाला, खाट मोकळी झाली, डबा घेऊन जाणाऱ्याची खेप संपली. 'सुट्टी झाली का?' असं विचारतात आणि 'झाली' म्हटलं की समोरचा हात जोडतो. त्यात भर म्हणजे शेजारच्या शोभाकाकू. त्या वर्षानुवर्षं ती आठवड्याची गोळी घेत होत्या आणि त्यांच्या डॉक्टरांनी नुकतंच त्यांना सांगितलं होतं, आता पुरे, या गोळीला सुट्टी. ते बरोबरच होतं. ती गोळी काही वर्षांनी, तपासून, थांबवता येते. पण गोळी वेगळी आणि सुई वेगळी, हे दोघींपैकी कुणाला ठाऊक?

मोठाई दाढ काढून, गालात कापूस धरून घरी आली आणि ओट्यावरूनच तिनं शोभाकाकूंना हाक मारली. "शोभे, मलेबी सुट्टी झाली." दोघींनी त्या संध्याकाळी चहा केला. मोठाईनं गार करून, एका बाजूनं प्यायला. गल्लीत गूळ-फुटाणे वाटले. दादानं तो व्हिडिओ मोबाइलमधून काढून टाकला आणि सुटकेचा निःश्वास टाकला. मी चिखलीला शाळेत शिकवते. मला फोनवर एवढंच कळलं की दाढ काढली आणि सगळं ठीक आहे. दाढेची जखम खरोखरच छान भरून आली. जबड्याला काहीसुद्धा झालं नाही.

आखाजी आली, गेली. सुई झाली नाही. हाडांच्या डॉक्टरांकडे कुणी गेलं नाही, कारण सुट्टी झालेला माणूस दवाखान्यात कशाला जाईल? आणि त्यांच्याकडूनही, ती देऊळघाटची बाई का आली नाही, असं कुणी विचारलं नाही. वीज बिल भरलं नाही तर माणूस दारात येतो. सुई टोचून घेतली नाही तर कुणी येत नाही.

पोळ्याच्या आधी ती विहिरीजवळ बादली उचलायला वाकली आणि पाठीत काहीतरी कटकन वाजलं. तिनं बादली खाली ठेवली आणि तिथंच बसली. घरात सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, लचक भरली. तेल चोळलं, विटेचा शेक दिला. उतार पडेना तेव्हा पायाळू शोधला. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो पायाळू, त्याच्या पायाचा स्पर्श झाला की लचक जाते, असं आमच्याकडे मानतात. शोभाकाकूंची सून पायाळू. तिला बोलावलं, मोठाईला पालथं निजवलं आणि त्या पोरीनं बिचारीनं घाबरत घाबरत मोठाईच्या मोडलेल्या मणक्यावर पाय ठेवला. त्या पायानं अजून काही मोडलं असं मी म्हणत नाही. पण जी पाठ कधी भिंतीला टेकली नाही तिच्यावर पाय पडला, हे ऐकून मी फोनवर दादाला जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

दसऱ्यानंतर साध्या शिंकेनं दुसरी कळ आली. आणि मग मोठाईची उंची खाली यायला लागली. मी दिवाळीला गेले तर तिचं लुगडं जमिनीला लोळत होतं आणि ती निऱ्या पुन्हा पुन्हा वर खोचत होती. "लुगडं वाढलं का मी आटली, पाह्य बरं अलके," ती म्हणाली आणि हसली. फळीवरची लोणच्याची बरणी तिच्या हाताला येत नव्हती. मी विचारलं, सुई कधी झाली? तिनं सांगितलं, "आता कुठची सुई? सुट्टी झाली ना मागंच." शोभाकाकू ओट्यावरून म्हणाल्या, "वय झालं की कंबर जातेच वो बाई." दादानं मान डोलावली. मला त्या 'वय झालं'चा जितका राग आहे तितका कशाचाच नाही. मोडलेल्या प्रत्येक गोष्टीवर टाकायला आपल्याकडे ही एकच गोधडी आहे.

दुसऱ्याच दिवशी मी तिला आणि दादाला घेऊन बुलढाण्याला गेले. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढायला लावला आणि तो उजेडात धरून बराच वेळ पाहिला. तीन मणके दबले होते. त्यांनी विचारलं, "शेवटचं इंजेक्शन कधीचं?" दादा म्हणाला, मागच्या दिवाळीचं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "कुणी बंद केलं?"

"सुट्टी झाली होती ना," मोठाई म्हणाली.

डॉक्टर भडकले. हे इंजेक्शन असं मधेच सोडून देता येत नाही, ते म्हणाले. ते चालू असतं तोवर हाडांची झीज थोपवून धरतं. सोडलं की थोपवलेली झीज एकदम सुरू होते आणि मणके मोडायला लागतात. बंद करायचंच असेल तर मागे दुसरं औषध लावून बंद करायचं. "आणि तुम्ही शिकलेली माणसं बरोबर असून..." असं ते माझ्याकडे बघून म्हणाले. मी म्हटलं, हे तुम्ही आधी सांगितलं होतं? ते म्हणाले, "मी प्रत्येक वेळी सांगितलंय, वेळ चुकवू नका." मी म्हटलं, वेळ चुकवू नका असं एसटीची चौकशी खिडकीसुद्धा सांगते, गाडी चुकली तर पुढची मिळते म्हणून लोक चुकवतात. ते लाल झाले. दादा माझा हात ओढायला लागला.

तेव्हा मोठाई बोलली. दवाखान्यात, डॉक्टरांसमोर, मी तिला पहिल्यांदाच उलटं बोलताना ऐकलं. वाकलेल्या पाठीमुळे तिला वर बघायला मान तिरकी करावी लागत होती. ती तशीच तिरकी मान करून म्हणाली, "डाक्टरसाहेब, दातवाल्यानं सांगतलं, सुई घेतली तं जबडा जाईल. ते एक पारडं झालं. सुई सोडली तं काय जाते, ते मले कोणीच नाही सांगतलं. त्यायनं नाही, तुमीबी नाही. एकाच पारड्यात टाकत राह्यले सारे, अन् मी आपली हाव, हाव करत राह्यली. आता दोन्ही सांगा. घेतली तं काय, नाही घेतली तं काय."

डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली आणि खरंच सांगितलं, साध्या शब्दांत. जबड्याचा धोका आहे, पण फार थोड्यांना होतो. आधी बाकीचे दात दाखवून घ्या, तोंड स्वच्छ ठेवा. मांडीचं हाड वेगळ्याच तऱ्हेनं मोडण्याचीही एक भीती असते, तीही क्वचित. मांडी दुखायला लागली तर लगेच या. आणि नाही घेतली तर आणखी मणके मोडायची भीती बरीच आहे. मोठाईनं ऐकून घेतलं. "म्हणजे जबडा एखाद्याचा, अन् मणका बहुतेकाचा?" तिनं विचारलं. "तुमच्यासारख्या, आधीच मोडलेल्यांच्या बाबतीत, हो," डॉक्टर म्हणाले.

"मंग द्या सुई. एवढंच सांगाले तीन मणके लागले तुमाले."

परतताना मी दाताच्या डॉक्टरांकडे गेले. मोठाईलाच जायचं होतं, पण तिला जिना चढवेना, ती खाली दादाच्या गाडीत बसून राहिली. दाताचे डॉक्टर सभ्य होते. त्यांनी मला बसायला सांगितलं, सगळं ऐकलं आणि म्हणाले, "ताई, मी सुट्टी म्हणालो. बंद म्हणालो नाही. आणि त्या डॉक्टरांना विचारा असंही म्हणालो." खरं होतं. हाडांचे डॉक्टर वेळ चुकवू नका म्हणाले होते, तेही खरं. शोभाकाकूंची गोळी थांबवली तेही बरोबर. दादानं आईच्या काळजीपोटी केलं. जो तो आपल्या जागी बरोबर आणि मधल्या मधे मोठाईचा कणा गेला. कुणाची गचांडी धरावी तेच कळेना, आणि तो राग अजून गेलेला नाही. चोर सापडला असता तर निदान दोन शिव्या देऊन मोकळी झाले असते.

सुई पुन्हा सुरू झाली. त्यानंतर एकही मणका मोडला नाही, हे सांगायलाच हवं. पण मोडले होते ते काही सरळ झाले नाहीत. मोठाईची पाठ कायमची वाकली. तिची नजर जमिनीवर आली. माणसं ती पावलांवरून ओळखायला लागली. "ही शोभी. टाचेच्या भेगा पाह्य तिच्या." बाजारात तिनं एकदाच बसून पाहिलं. एका अडत्यानं हिशेबात गडबड केली म्हणून ती त्याच्यावर चढून गेली, तर तो ओणवा होऊन तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला, "जाऊ द्या आजी, दमता तुम्ही." त्या दिवशी घरी येऊन ती जेवली नाही. मला फोन केला. "अलके, दुखते त्याचं काही नाही वो. लोकायनं मले भ्याचं सोडलं." मी तिला आयुष्यात कधी रडताना ऐकलं नव्हतं. तेही तेव्हा ऐकलं.

दुसऱ्या हिवाळ्यात तिला साधा खोकला झाला. वाकलेल्या छातीत पुरता श्वास जात नाही, कफ बाहेर पडत नाही, असं डॉक्टर म्हणाले. चार-सहा दिवस ती दवाखान्यात उशांना टेकून बसून धापा टाकत होती. मी शेजारी होते. नर्सनं काहीतरी सलाइनमध्ये घातलं तेव्हा हिनं तशाही अवस्थेत विचारलं, "हे काऊन? नाही घेतलं तं काय होईन?" नर्सनं कपाळाला आठ्या घातल्या, पण सांगितलं. त्याच दिवशी दुपारी मोठाई गेली.

घरी आणलं तेव्हा गल्ली भरली होती. शोभाकाकू डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "सुटली बिचारी." मी म्हटलं, "काकू, बिचारी म्हणू नका तिला. आणि ती सुटली नाही. तिला अजून बाजार करायचा होता." मागून कुणीतरी म्हणालं, वय झालं होतं. मी वळून पाहिलं तर सगळे जमिनीकडे बघत होते.

मग तिला तिरडीवर घेतलं. ती सरळ निजेना. पाठ टेकवली की डोकं आणि खांदे वर राहायचे. बांधणाऱ्या पुरुषांची कुजबुज सुरू झाली. त्यातल्या एका म्हाताऱ्यानं, अनुभवी माणसानं, बाह्या सारल्या आणि म्हणाला, "असं बरं नाही दिसत. जरा दाबलं का बसते." त्यानं एक हात तिच्या छातीवर ठेवला, एक पोटावर, आणि भार द्यायला वाकला.

बायकांनी तिथं जायचं नसतं. मी गेले. त्याचं मनगट धरून हात उचलला आणि म्हटलं, "दाबायचं नाही. पुन्हा हात लावला तर बघा." माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. म्हातारा म्हणाला, "बाई, मेलेल्या माणसाले काय दुखते?" मी म्हटलं, "मला दुखतं." दादा इतका वेळ खांबाला धरून उभा होता. तो आत गेला, तिची गोधडी घेऊन आला आणि आम्ही दोघांनी ती घडी करून तिच्या पाठीखाली, मानेखाली नीट लावली. मग दोऱ्या बांधल्या.

चौघांनी खांद्यावर उचललं. ती तशीच, खांदे वर, मान वर, समोर बघत निघाली. शेवटचं सव्वा वर्ष तिनं माणसांची पावलंच पाहिली होती. आता दारादारांत उभ्या असलेल्या सगळ्यांना मान वर करून तिच्या तोंडाकडे बघावं लागत होतं, आणि ती जवळ आली की एकेक जण मागे सरकून वाट देत होता.